मी छापलेली दोन वाक्यं

बसमध्ये बसले की शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायची माझी सवय अजून गेलेली नाही. लोक उभे असतात, खाऊ की गिळू असं माझ्याकडे बघतात, मग मी ओशाळून पिशवी मांडीवर घेते. ती जागा एका मुलीची होती. कारखान्याची बस पहाटे आमच्या गावात शिरायची, मी पहिल्या थांब्यावर चढायचे, ती दुसऱ्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आम्ही दोघी अठराच्या आसपास होतो, आणि मॉरिशसभर कपड्यांचे कारखाने उघडत होते. आमच्या आईबापांनी उसाच्या मळ्यात कंबर मोडून घेतली होती, त्यामुळे पोरींना छपराखाली, पंख्याखाली काम मिळतंय याचाच घरी केवढा आनंद.

फ्लाककडचं आमचं गाव, पणजोबांच्या काळी उसासाठी आणलेल्या मराठी लोकांचं, म्हणजे चारी बाजूंना ऊस, मधे थोडी घरं, एक देऊळ, एक चिनी दुकान आणि एक बैठका. बैठका म्हणजे पत्र्याची खोली. संध्याकाळी तिथे मुलांना मराठी अक्षरं शिकवत आणि रविवारी जाणती माणसं बसून गावातले तंटे मिटवत. तिथल्या वर्गात ती पहिली आणि मी शेवटून दुसरी. आरती वाचायला गुरुजी तिलाच उभं करायचे. तिचे बाबा लवकर गेले, म्हणून सहावीनंतर तिची शाळा सुटली. मी मात्र पुढे तीन वर्षं रखडत का होईना गेले. त्यामुळे इंग्रजी मला यायचं, तिला नाही. आमच्या मैत्रीत मी एवढी एकच बढाई मारू शकत होते, आणि ती मी मनसोक्त मारून घेतली.

कारखाना गुडलँड्सच्या बाजूला. ब्रीझे वेर्दिएर गाव मागे पडलं की ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची आणि कारखान्याचं फाटक दिसल्यावरच उठायची. आम्ही छपाईत होतो. टी-शर्टला आमच्याकडे त्रिको म्हणतात. एकीने तो लाकडी फळीवर सरळ लावायचा, दुसरीने वर जाळीची चौकट टेकवून रबराच्या पट्टीने रंग ओढायचा. ती लावायची, मी ओढायचे. तिने लावलेल्या कापडाला कधी सुरकुती पडली नाही. माझा हात तापट, पट्टी जोरात ओढली जायची. ती न बघताच म्हणायची, "हळू गो, त्रिकोनं तुझं काय खाल्लंय?"

छापायचं काय, तर युरोपातल्या लोकांच्या उन्हाळ्याचा माल. सूर्य, लाटा, माडाची झाडं आणि इंग्रजीतली चावट वाक्यं. मी अर्थ सांगायचे आणि आम्ही दोघी ओढण्यांत तोंड खुपसून हसायचो. बिघडलेला माल कामगारांना स्वस्तात मिळे. त्यामुळे आमच्या गावाच्या छातीवर काय काय लिहिलेलं असायचं! शेळ्या राखणारे एक आजोबा कितीतरी महिने "चुंबनाचे वर्ग मोफत" असं इंग्रजीत मिरवत होते, आणि तोच त्रिको घालून देवळात प्रसाद वाटत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तिने एक पिवळा घेतला होता. पाठीवर रंगाचा डाग, पुढे इंग्रजीत: "आज मी मोकळी आहे." तो मीच छापला होता. डागही माझाच. अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मंग बरंच हाय की. आयतवारी घालीन. आयतवारी मी मोकळीच असते." पण तो रंग तिला इतका आवडला की रविवारची वाट कुठली बघायला. त्या पिवळ्यात ती काय दिसायची! मी चिडवायचे, आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा.

ऊसतोड संपत आली होती तेव्हाची गोष्ट. त्या शनिवारी मला ताप होता, मी घरी. तिला जादा काम पडलं आणि बस चुकली. आमच्याच गावातल्या एका माणसाची उसाची लॉरी तिकडून येत होती. चाळिशीचा, बायकापोरांचा माणूस. दर वर्षी आमचा गणपती त्याच्याच लॉरीतून नदीवर जायचा. त्याने तिला घरी सोडतो म्हणून बसवून घेतलं. पुढे काय झालं ते तिने मला तिसऱ्या दिवशी उसाच्या वाटेवर सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

तिची आई जाणत्या माणसांकडे गेली. पोलीस फ्लाकला होते आणि अब्रू गावात होती, त्यामुळे पोलिसांत जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. रविवारी बैठक्यात चार माणसं बसली. तिच्या आईने पुरावा म्हणून तो पिवळा त्रिको पिशवीतून काढून समोर ठेवला, कारण तो खांद्यापासून फाटला होता. बिचारीला वाटलं, हे बघितल्यावर आणखी सांगायला काय लागणार? मी बाहेर खिडकीशी उभी होते. त्या चौघांतल्या एकाने त्रिको हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि गुरुजींपुढे धरला. "वर काय लिवलंय ते वाचा."

गुरुजींनी वाचलं. मग मराठीत सांगितलं.

फाटलेला खांदा कुणी बघितला नाही. सगळ्यांनी छातीच वाचली. एक जण म्हणाला, "आता पोरीनंच असं अंगावर लिवून घेतलं तर..." आणि पुढचं वाक्य त्याने हातानेच पुरं केलं. लॉरीवाला कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, बोलायची त्याच्यावर वेळच आली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरीचं लग्न व्हायचंय, असं ठरलं आणि चहा आला. तिची आई त्रिकोची घडी घालत राहिली. घडी नीट बसेना.

आणि मी? आई म्हणायची, या पोरीला देवानं जिभेच्या जागी मिरची दिलीय. ती मिरची त्या दिवशी कुठे गेली होती देव जाणे. ते वाक्य मी छापलंय, तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, प्रसाद वाटणाऱ्या आजोबांच्या छातीवर काय आहे तेही वाचा की एकदा, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले आणि घरी आले.

पंधरा दिवसांनी ती कामावर परतली. मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घालून. पूर्वीसारखंच कापड सरळ लावायची. बसमध्ये मात्र झोपायची नाही, खिडकीबाहेर बघत बसायची. मी हळूहळू पूर्वीच्या गप्पा काढायचे आणि ती कधी कधी हसायची. त्या हसण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. लाल पेरूंच्या दिवसांत मी तिच्यासाठी मिरची-मीठ लावून पेरू न्यायचे. एके दिवशी त्यातला एक खाऊन ती आपणहून म्हणाली, "येत्या आयतवारी पेरू काढायला जाऊ." आम्ही गेलो. झाडाखाली ती गुणगुणली पण. आता कळतं, ती आपल्या पायांनी परत येत होती. तिच्या चालीने. मला तेवढा दम नव्हता.

त्यानंतर एक माल आला. युरोपातल्या कुठल्यातरी शहरातल्या बायकांच्या मंडळाचा. जाड काळी अक्षरं. पुढे: "मी काय घातलं होतं ते विचारू नका." मागे: "त्याने काय केलं ते विचारा." मी नमुना वाचला आणि पट्टी हातातच राहिली. जगात कुठेतरी बाया हे छातीवर लिहून रस्त्याने चालत होत्या! बैठक्यात मला जे बोलता आलं नव्हतं ते कुणीतरी तयार करून पाठवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती फळीपलीकडून म्हणाली, "काय लिवलंय गो?"

"काय नाय," मी म्हटलं, "नेहमीचंच."

तेव्हाच मी ठरवलं होतं म्हणून तिला सांगितलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

मी तेच वाक्य, पुढचं आणि मागचं, मराठीत केलं. आमच्याकडे मराठी बोलायची ती घरात, आणि लिहिलेली मराठी म्हणजे आरतीची आणि लग्नपत्रिकेची भाषा. तंटा, शिवी, प्रेम कुणी मराठीत लिहीत नव्हतं, बाहेर तर सगळे बेटावरची क्रिओल बोलायचे. त्या अक्षरांत असलं काही लिहिलेलं गावाने कधी बघितलं नव्हतं, आणि तेच मला हवं होतं. घरी ब्लेडने अक्षरं कापली. जेवणाच्या सुटीत बिघडलेल्या पांढऱ्या मालातले सात त्रिको छापले. आमच्या गावात मुलींचं झाकरीचं पथक होतं. पायांत चाळ बांधून, गोल धरून आम्ही गणपतीपुढे नाचायचो. पूर्वी तीही असायची, त्या वर्षी नव्हती. पथकातल्या सहा जणींना मी तयार केलं. "तिला ठाव हाय?" एकीने विचारलं. मी म्हटलं, "तिच्यासाठीच तर हाय."

विसर्जनाच्या दिवशी ती तिच्या आईबरोबर होती, आणि शेजारी दुसऱ्या गावची तीन माणसं. तिला बघायला आलेले पाहुणे. पाहुणे येणार हे मला माहीत होतं. मला वाटलं, उत्तमच, त्यांनाही कळू दे ही खाली मान घालणाऱ्यांतली नाही. वाटायला काय जातं? मान तिची होती.

वरून साधे झगे घालून आम्ही नदीपर्यंत नाचत गेलो. गणपती आणणारी त्याची लॉरी थांबली, ढोलकी चढली आणि आम्ही वरचे झगे काढून कमरेला बांधले. सगळ्यात आधी पोरांनी वाचलं, बैठक्यात धडा वाचतात तसं, एकेक अक्षर लावून, मोठ्याने. ढोलकीवाला थांबला. मग गाव वळलं.

मला वाटलं होतं, गाव लॉरीकडे वळेल. आम्ही प्रश्न तर तोच विचारला होता. त्याने काय केलं? पण एकही डोकं तिकडे फिरलं नाही. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ज्यांना माहीत होतं ते बघत होते, ज्यांना माहीत नव्हतं ते शेजाऱ्याला विचारून बघत होते. पाहुण्यांतल्या बाईने कुणाला तरी काहीतरी विचारलं आणि पदर आवळून घेतला. लॉरीवाला आपला गाडीत बसून आरशात बघत लॉरी मागे घेत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आम्ही तर संन्याशाचा पत्ताच छापून वाटला.

तिच्या हातात प्रसादाचं ताट होतं. तिने वाक्य वाचलं. वाचताना तिचे ओठ हलतात हे मला लहानपणापासून माहीत होतं, त्यामुळे ती कुठल्या शब्दावर आहे हे मला लांबून कळत होतं. शेवटच्या शब्दापर्यंत आली आणि तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी कोण आहे हे तिला आठवत नसावं असं. मग ताट आईच्या हातात दिलं आणि उसाच्या वाटेने चालू लागली.

मी नाचत राहिले. ढोलकी बंद होती, तरी पायातले चाळ मी थांबू दिले नाहीत. आपण लढतोय असं मला वाटत होतं. याची मला आजही सर्वात जास्त लाज वाटते.

पाहुणे न जेवता गेले. पथकातल्या दोघींना बापांनी मारलं. माझे बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी पहाटे मी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली, दुसरा थांबा आला आणि बस न थांबता पुढे गेली. ती पोर्ट लुईला मावशीकडे गेली होती. मी तिच्या घरी गेले तर तिची आई दारातूनच म्हणाली, "तिला नाय बोलायचं. तू आता येऊ नको, बाय." मी पत्रं पाठवली, आमच्या मराठीत. मराठी लिहिणं मी खरं तर त्या पत्रांसाठीच धड शिकले. उत्तर आलं नाही.

कारखान्यात मला दुसरी जोडीदारीण दिली. ती कापड तिरकं लावायची. मी तिच्यावर खेकसायचे, मग संडासात जाऊन रडायचे.

याच दिवसांत एक गोष्ट घडली, ती सांगितली नाही तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारखान्यात झाडलोट करणारी एक विधवा मावशी होती, आमच्याच मराठी लोकांतली, लांबच्या गावची. आमच्या विसर्जनाची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. एका दुपारी केर भरता भरता ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्यातला एक त्रिको मला देशील?" मी माझाच दिला. दुसऱ्या दिवसापासून ती कामाच्या झग्याखाली तो घालायला लागली, आणि तोही उलटा, अक्षरं अंगाकडे. मी विचारलं, "मावशी, असा घालून कुणाला दिसणार?" ती म्हणाली, "कुणाला दाखवायचाय? मला ठाव असलं म्हंजे झालं." तिचं काय झालं होतं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्यानंतर ती मान वर करून केर काढायची. मान वर करून केर निघत नाही, ही थट्टा मी तिच्याशी करायचे, आणि ती हसायची.

या मावशीला मी बरीच वर्षं ढालीसारखं पुढे धरलं. कुणी त्या दिवसाचा विषय काढला की मी म्हणायचे, एका बाईला तरी त्याने बळ दिलं. ते खोटंही नव्हतं.

मग ऐंशीचं दशक सरत आलेलं असताना, पोर्ट लुईच्या बाजारात, भाजीच्या ओट्यांपाशी, मला ती दिसली. अंगाने भरली होती. एका हातात शुशूच्या वेलाच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या, दुसऱ्या हाताला चार-पाच वर्षांची मुलगी. मी हातातली पिशवी तिथेच टाकली. "काय गो," मी म्हटलं, "बरी हायस?"

"कोरेक," ती म्हणाली. ठीक आहे, क्रिओलमध्ये, कुणाही ओळखीच्या बाईला सांगावं तसं. मी मराठीत विचारत राहिले, ती क्रिओलमध्ये उत्तरं देत राहिली. नवरा गोदीवर आहे. चांगला आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मला तिच्या तोंडून एक "गो" ऐकायचा होता. त्यासाठी मी दिवसभर त्या बाजारात उभी राहिले असते.

ती निघायला लागली तशी मला घाई झाली. मी तिला त्या मावशीची गोष्ट सांगितली. उलट्या त्रिकोची, वर झालेल्या मानेची. भाजीवाल्याच्या ओरड्यात, एका दमात, सगळी. मला काय वाटलं होतं? ती म्हणेल, बरं झालं गो, कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग मराठीत बोलली. "तिनं तुझ्याकडं मागितला."

"होय."

"आणि मला?"

मुलगी तिचा हात ओढत होती. मी म्हटलं, "तुला विचारायला पायजे होतं."

"मंग का नाय विचारलंस?"

इतक्या वर्षांत मी या प्रश्नाची किती उत्तरं जमवली होती. पण जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. "तू नको म्हटलं असतंस."

ती रागावली नाही. तिने पाल्याच्या जुड्या दुसऱ्या हातात घेतल्या, मुलीचा हात घट्ट धरला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "होय गो. नकोच म्हटलं असतं. त्याला पण नकोच म्हटलं होतं."